भिंतीतल्या ठोक्यांचा इतिहास

मंडळी, तुम्ही फ्लॅटमधे राहत असाल तर हा आवाज तुम्ही ऐकलेला आहे. रात्रीचे साडेअकरा-बारा. सगळीकडे निजानीज झालेली. आणि डोक्यावरच्या स्लॅबमधून टक्... टक्... टकटकटक् अशी एखादी गोटी पडून घरंगळत गेल्याचा आवाज. वरच्यांच्या पोराला या वेळी कसल्या गोट्या सुचतात असं पुटपुटत तुम्ही कूस बदलता. पुढे कधीतरी लिफ्टमधे कळतं की वरच्यांकडे पोरच नाही, आणि त्यांनाही त्यांच्या वरून तोच आवाज येतो. सगळ्यात वरच्या मजल्यावरचे गच्चीकडे बोट दाखवतात. गच्चीवर फक्त टाकी असते.

आमच्या धंद्यात एक नियम आहे. बग रिप्रोड्यूस करता आला तर तो निम्मा सुटला. घरातल्या आवाजाची नेमकी हीच बोंब असते. प्लंबर येतो तेव्हा आवाज येत नाही, प्लंबर गेला की येतो. त्यामुळे माणसं लॉग बघायच्या आधी निष्कर्ष काढून मोकळी होतात: वरचे लोक, उंदीर, नाहीतर भूत. गेले दोन-तीन विकांत मी या विषयावर बरंच वाचत बसलो होतो, आणि एक गोष्ट लक्षात आली. असल्या आवाजांचा माग काढायचा इतिहास चांगला लांबलचक आहे, आणि त्यात माणसं फासावर जायची वेळ आलेली आहे. म्हणून आजचा लेख.

सुरुवात लंडनपासून करू. साल १७६२. (आपल्याकडे पानिपत होऊन जेमतेम वर्ष झालेलं, पुण्यात माधवराव नुकते पेशवे झालेले.) सेंट पॉल कॅथीड्रलपासून चालत काही मिनिटांवर कॉक लेन नावाची एक बारकीशी गल्ली आहे, अजूनही आहे. तिथे रिचर्ड पार्सन्स नावाचा चर्चचा एक कारकून राहायचा. पगार थोडा, दारूची आवड, म्हणून घरात भाडेकरू ठेवलेले. १७५९ मधे त्याच्याकडे विल्यम केंट आणि फॅनी असं एक जोडपं राहायला आलं. जोडपं म्हणजे तसं जोडपं नव्हतं. केंटची बायको बाळंतपणात गेली होती आणि फॅनी तिची बहीण. मेहुणीशी लग्न करायला त्या वेळी चर्चच्या कायद्याची आडकाठी होती, म्हणून दोघं नुसतेच नवरा-बायको म्हणून राहत होते. पार्सन्सला हे कळलं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे पार्सन्सने केंटकडून बारा गिनी उसने घेतले होते आणि ते परत द्यायची त्याची लक्षणं दिसेनात. शेवटी केंटने दावा ठोकला. म्हणजे घरमालक आणि भाडेकरू यांच्यात पैशावरून वाजलेलं होतं, हे आधीच लिहून ठेवा. पुढे उपयोगी पडेल.

एकदा केंट कुठल्याशा लग्नाला बाहेरगावी गेला. एकटीला भीती वाटते म्हणून फॅनीने पार्सन्सची दहा-अकरा वर्षांची मुलगी एलिझाबेथ हिला सोबतीला झोपायला घेतलं. आणि रात्री ठोके सुरू झाले. टकटक, खरखर. पार्सन्सची बायको म्हणाली, काही नाही गं, शेजारी चांभार राहतो, तो रात्री काम करत बसतो. झकास, पटण्यासारखं उत्तर. पण पुढे रविवारी रात्री परत आवाज आला. रविवारी चांभार काम करत नव्हता.

मला या सगळ्या प्रकरणातला हा सर्वांत आवडता भाग वाटतो. कसलाही आव न आणता एक गृहीतक मांडलं गेलं आणि कॅलेंडरने ते खोडलं. इथे कोणी पुढचं गृहीतक शोधलं असतं तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण तसं झालं नाही. फॅनीच्या मनाने घेतलं की आपली मेलेली बहीण आपल्याला बोलवायला आली आहे.

केंट आणि फॅनी घर सोडून गेले. फॅनी गरोदर होती. तिला देवी आल्या आणि २ फेब्रुवारी १७६० ला ती वारली. क्लर्कनवेल भागातल्या सेंट जॉन चर्चच्या तळघरात तिची शवपेटी ठेवली गेली. दोघांचं लग्न नसल्याने भानगड नको म्हणून केंटने पेटीवर नावाची पट्टीसुद्धा लावली नाही. साधी भीती होती, पण नंतर हीच गोष्ट त्याच्या अंगाशी आली.

कारण १७६२ च्या जानेवारीत कॉक लेनमधे आवाज परत जोरात सुरू झाले होते. आता ते एलिझाबेथच्या पलंगाभोवती यायचे. पार्सन्सने पॅनेलिंगच्या फळ्या काढून बघितल्या, सुताराला आणलं, काही सापडेना. मग जॉन मूर नावाचे एक धर्मोपदेशक आले आणि प्रोटोकॉल ठरला: एक ठोका म्हणजे हो, दोन म्हणजे नाही. भूत रागावलं की खरखर करणार. प्रश्न विचारले गेले. तू फॅनी आहेस का? टक्. तुला विष दिलं का? टक्. केंटने दिलं? टक्.

आता विचार करा. इंग्लंडमधे तेव्हा खुनाला फाशी होती. केंटला ही बातमी वर्तमानपत्रात वाचून कळली. तो स्वतः कॉक लेनला गेला आणि त्या अंधाऱ्या खोलीत उभं राहून, आपल्या मेलेल्या जोडीदारणीचं भूत आपल्याला खुनी म्हणतंय हे त्याने ऐकलं. त्याला फाशी व्हावी का, या प्रश्नालाही एकच ठोका आला.

लंडन वेडं झालं. गल्लीत घोडागाड्यांची रांग लागायची. पार्सन्स लोकांकडून पैसे घ्यायला लागला. होरेस वॉलपोल हा मोठ्या घरचा लेखक राजाच्या भावाला, म्हणजे ड्यूक ऑफ यॉर्कला आणि इतर बड्या मंडळींना घेऊन भाड्याच्या गाडीतून तिथे गेला. एवढ्याशा खोलीत पन्नासेक माणसं आणि उजेडाला एक मेणबत्ती, असं त्याने लिहून ठेवलंय. रात्री दीड वाजेपर्यंत बसूनही काही ऐकू आलं नाही. त्यांना सांगण्यात आलं की भूत आता सकाळी सात वाजता येईल. म्हणजे प्लंबर आल्यावर आवाज बंद, तसंच!

शेवटी लंडनच्या महापौरांवर दबाव आला आणि चौकशी करायचं ठरलं. क्लर्कनवेलचे पाद्री स्टीफन ऑल्ड्रिच यांनी एक समिती नेमली. तिच्यात एक उमराव होते, एका दवाखान्याची मेट्रन होती, आणि साक्षात डॉक्टर सॅम्युएल जॉन्सन होते. इंग्रजीचा जगप्रसिद्ध शब्दकोश ज्यांनी १७५५ मधे काढला तेच हे. जॉन्सन भुतं नाहीतच असं मानणारे नव्हते. उलट मेल्यानंतर काहीतरी असतं याचा पुरावा मिळाला तर त्यांना तो हवा होता. म्हणूनच मला त्यांच्या तपासाचं कौतुक वाटतं. ज्याला बग नाही असं सिद्ध करायचंय त्याने टेस्टिंग करणं वेगळं आणि ज्याला बग असावा असं मनापासून वाटतं त्याने नाही म्हणणं वेगळं.

१ फेब्रुवारी १७६२ ची रात्र. मुलीला तिच्या घरातून हलवून ऑल्ड्रिच यांच्या घरी आणलं होतं. (एन्व्हायरन्मेंट बदलून बघितलं, हे बरोबर केलं.) बायकांनी तिची झडती घेऊन तिला पलंगावर झोपवलं. समिती तासभर बसली, शांतता. मंडळी पार्सन्सला प्रश्न विचारायला खाली गेली, आणि तेवढ्यात वरच्या बायकांना ठोके ऐकू आले. सगळे धावत वर. मुलगी म्हणाली, भूत माझ्या पाठीवर उंदरासारखं फिरतंय. मग तिला सांगितलं, दोन्ही हात पांघरुणाच्या बाहेर ठेव. तिने ठेवले. त्यानंतर एकही आवाज आला नाही.

एवढ्यावर भागलं नाही. भुताने आधी कबूल केलं होतं की तळघरातल्या माझ्या शवपेटीवर मी ठोका देईन. तेव्हा रात्री एक वाजता ही सगळी प्रतिष्ठित मंडळी मेणबत्त्या घेऊन चर्चच्या तळघरापाशी गेली. फेब्रुवारीतली लंडनची थंडी, मध्यरात्र, समोर नाव नसलेली पेटी, आणि जॉन्सनसारखा आडदांड देहाचा माणूस कान देऊन ठोक्याची वाट बघतोय. ठोका आला नाही. जॉन्सननी अहवाल लिहिला: ही मुलगी कुठल्यातरी युक्तीने आवाज काढते, यात वरच्या कुठल्या शक्तीचा हात नाही.

इथपर्यंत छान. पुढचं मात्र मला तितकंसं छान वाटत नाही. नंतरच्या दिवसांत मुलीला आणखी एका घरी नेऊन हात-पाय ताणून जमिनीपासून वर झोळीसारखं टांगून झोपवलं गेलं. आवाज बंद. मग तिला सांगण्यात आलं की आता आवाज आला नाही तर तुझ्या आईबापाला न्यूगेटच्या तुरुंगात टाकू. मोलकरणींनी फटीतून बघितलं, तर तिने चुलीवरची किटली ठेवायची लाकडी फळी उचलून कपड्यात लपवली. मग फळीवरचे ठोके आले, आणि पकडली गेली. प्रकरण संपलं.

पण हजर असलेल्यांपैकी काहींनी तेव्हाच नोंदवून ठेवलंय की हा फळीचा आवाज आधीच्या आवाजासारखा नव्हता. बरोबरच आहे. बारा वर्षांच्या पोरीला आईबापाला तुरुंगाची धमकी दिल्यावर ती काहीतरी आवाज काढणारच की. शुक्रवारी संध्याकाळी मॅनेजर डोक्यावर उभा राहिला की कुठल्याही बगला कुठलंही कारण सापडतं, तसलाच हा रूट कॉज. हातांची चाचणी चोख होती, फळीची चाचणी दबावाखालची होती. दोन्हींचा निकाल एकच आला म्हणून दोन्ही सारख्या होत नाहीत.

असो. जुलै १७६२ मधे लॉर्ड मॅन्सफील्ड यांच्यासमोर खटला उभा राहिला. केंटला बदनाम करायचा कट केला म्हणून पार्सन्स, त्याची बायको, भुताची दुभाषी झालेली एक बाई, धर्मोपदेशक मूर आणि एक व्यापारी असे सगळे दोषी ठरले. मूर आणि त्या व्यापाऱ्याने केंटला पाचशेहून जास्त पौंड भरपाई देऊन सुटका करून घेतली. पार्सन्सला दोन वर्षांचा तुरुंग आणि तीनदा चौकात खोड्यात उभं राहायची शिक्षा झाली. खोड्यातल्या माणसावर लंडनचे लोक सडकी अंडी नि दगड मारायचे, काही जण त्यात मेलेलेही आहेत. पार्सन्सला कोणी काही मारलं नाही. उलट लोकांनी त्याच्यासाठी वर्गणी गोळा केली. अहवाल छापला, खटला झाला, निकाल लागला, तरी पब्लिकला भूत आवडलं होतं.

असाच किस्सा पुढे अमेरिकेत झाला आणि तो मात्र जगभर गेला. न्यूयॉर्क राज्यातल्या हाइड्सव्हिल गावात ३१ मार्च १८४८ च्या रात्री फॉक्स कुटुंबाच्या घरात ठोके यायला लागले. वडिलांनी आधी खिडक्यांची तावदानं हलवून बघितली, वाऱ्याने वाजतायत का म्हणून. शहाणा माणूस. पण मॅगी आणि केट या पोरींनी तोवर ठोक्यांशी गप्पा सुरू केल्या होत्या. पुढे त्यातून मृतात्म्यांशी बोलण्याचा एक पंथच उभा राहिला. १८५१ मधे बफेलोच्या तीन डॉक्टरांनी दोघींपैकी मॅगी आणि त्यांची थोरली बहीण लीआ यांना समोर बसवलं, पाय सरळ पुढे करून टाचा मऊ उशांवर ठेवल्या, आणि आवाज बंद झाले. निदान: सांधे मोडतायत. लोकांनी लक्ष दिलं नाही. १८८८ मधे न्यूयॉर्कच्या भरलेल्या थिएटरात मॅगीने स्वतः स्टेजवर येऊन पायाची बोटं मोडून दाखवली, तरीही पंथ बुडाला नाही. वर्षभराने तिने कबुली मागे घेतली ती गोष्ट वेगळी. असल्या ठोक्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या मादाम ब्लाव्हाट्स्की कर्नल ऑल्कॉटना घेऊन १८७९ मधे आपल्या गिरगावात येऊन राहिल्या होत्या. तेव्हा आपल्याकडच्या वाड्यांतून रात्री वाटी उपडी घालून प्लँचेट करणाऱ्या काका-मावश्यांचं गोत्र कुठपर्यंत जातं ते बघा.

पण सगळेच आवाज पोरी काढत नव्हत्या. जुन्या इंग्लिश घरांत एक आवाज शेकडो वर्षं येत होता, भिंतीच्या लाकडातून, घड्याळाच्या टिकटिकीसारखा, सहा-आठ ठोके आणि मग शांत. तो ऐकू आला की घरात कोणीतरी जाणार असं मानायचे. आजाऱ्याच्या उशाशी रात्रभर जागणाऱ्यांनाच तो ऐकू यायचा, कारण बाकीचे झोपलेले. आणि आजारी माणसं मरत असतच. त्यामुळे डेटा नेहमी जुळायचा!

नॉर्विच शहरातले डॉक्टर टॉमस ब्राउन यांनी सतराव्या शतकात याचा छडा लावला. लोकांच्या चुकीच्या समजुतींवर त्यांनी एक जाडजूड ग्रंथ १६४६ मधे काढला होता. हा आवाज करणारा किडा त्यांनी पकडून पातळ लाकडाच्या डबीत ठेवला आणि तो डबीच्या भिंतीवर ठोके देतो हे डोळ्यांनी बघितलं, कानांनी ऐकलं. जुन्या ओक लाकडात राहणारा हा भुंगा डोकं लाकडावर आपटून जोडीदाराला बोलावत असतो. गंमत म्हणजे पेन्सिलने टेबलावर तशाच लयीत ठोके दिले तर तो उत्तरही देतो. कॉक लेनच्या समितीला हे ठाऊक असतं तर केवढा गोंधळ झाला असता. बाकी त्याची अळी लाकूड आतून पोखरते, हे अपशकुनापेक्षा जास्त खरं संकट. लंडनच्या वेस्टमिन्स्टर हॉलचं मध्ययुगीन छप्पर या किड्याने इतकं पोखरलं होतं की १९१४ ते १९२३ एवढी वर्षं त्याला पोलादाचे आधार देत बसावं लागलं.

आता या ब्राउनसाहेबांचं दुसरं टोक ऐका. १६६२ मधे बरी सेंट एडमंड्स इथे दोन म्हाताऱ्या विधवांवर चेटूक केल्याचा खटला चालला होता. मुलांना झटके येतात, त्या टाचण्या ओकतात, असा आरोप. तज्ज्ञ म्हणून कोर्टाने मत विचारलं ते याच ब्राउन यांना. ते म्हणाले की झटके नैसर्गिकच आहेत, पण सैतान चेटकिणींच्या मदतीने ते वाढवतो. दोघींना फाशी झाली. डबीत किडा ठेवून बघणारा माणूस तो, पण कोर्टात त्याच्याकडे डबी नव्हती. मला हे वाचून बराच वेळ काही सुचलं नाही.

अलीकडचा एक किस्सा घाईत सांगतो, कारण तो इंजिनियरचा आहे. इंग्लंडमधे वॉरिक इथे वैद्यकीय उपकरणं बनवणाऱ्या एका प्रयोगशाळेत विक टँडी कामाला होते. गोष्ट १९८० च्या सुमाराची. तिथे लोकांना अस्वस्थ वाटायचं, घाम फुटायचा. एकदा रात्री टँडींना डोळ्याच्या कडेला राखाडी आकृती दिसली. दुसऱ्या दिवशी त्यांनी आपली तलवारबाजीची फॉइल दुरुस्तीसाठी शिकंज्यात धरली, तर तिचं मोकळं टोक आपोआप थरथरायला लागलं. बाकी कोणी पळालं असतं. यांनी शिकंजा जमिनीवरून सरकवत नेला, तेव्हा थरथर खोलीच्या मध्यावर सर्वांत जास्त आणि टोकाला शून्य. म्हणजे उभी लहर! खोली तीस फूट, लहर साठ फूट, हवेत आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ११३० फूट, भागाकार करा: एकोणीस हर्ट्झ. माणसाच्या कानाला ऐकू येण्याच्या किंचित खाली. नवा बसवलेला एक्झॉस्ट फॅन दोषी निघाला. त्याचं बसवणं बदललं आणि भूत गेलं. १९९८ मधे टँडींनी यावर पेपर लिहिला. एकोणीस हर्ट्झने माणसाला भूत दिसतं, हा त्यातला भाग पुढच्या प्रयोगांत फारसा टिकला नाही आणि मलाही तो ताणलेला वाटतो. पण शिकंजा सरकवत नेण्याची आयडिया शंभर नंबरी आहे.

आता वळू आपल्या घराकडे, म्हणजे पाण्याच्या पाइपांकडे. गोटीच्या आवाजाची कारणं एकाहून जास्त असतात, तापलेली स्लॅब रात्री आकसते हेही त्यात येतं. पण बिल्डिंगमधल्या धडधडीत ठोक्यांमागे बहुतेक वेळा पाणी असतं. याचं गणित सोडवलं मॉस्कोच्या निकोलाय झुकोव्स्की यांनी. विमानशास्त्रातले रशियातले पितामह तेच हे. मॉस्कोच्या नळाच्या मोठ्या पाइपलाइनी फुटत होत्या. १८९७-९८ मधे त्यांनी तिथल्या पंपिंग स्टेशनवर दोन, चार आणि सहा इंची लांबच लांब पाइप टाकले, झडपा झटकन बंद केल्या आणि दाब मोजला. निकाल एका ओळीत मावतो: वाढलेला दाब म्हणजे पाण्याची घनता गुणिले पाण्यातल्या आवाजाचा वेग गुणिले थांबवलेल्या पाण्याचा वेग.

आकडे घालून बघा, मजा येईल. लोखंडी पाइपमधल्या पाण्यात आवाजाचा वेग सेकंदाला १२०० मीटरच्या आसपास. पाणी नुसतं सेकंदाला एक मीटर, म्हणजे सावकाश चालणाऱ्या माणसाच्या वेगाने वाहतंय. ते एकदम थांबवलं तर दाब वाढतो बारा बार. बारा बार म्हणजे १२० मीटर उंच पाण्याचा स्तंभ, चाळीस मजली इमारतीएवढा! तो क्षणभरच असतो, पण हातोडा तरी किती वेळ लागतो? ही दाबाची लाट पाइपभर पुढे-मागे धावते, आणि ती परत यायला किती वेळ लागला यावरून पाइपमधे हवा कुठे अडकली आहे, गळती कुठे आहे, हेही कळू शकतं, असं झुकोव्स्कींनी तेव्हाच दाखवून दिलं. म्हणजे पिंग करून बघण्याचाच प्रकार.

आवाज कुठून येतो ते आपल्याला कळत का नाही, याचंही कारण इथेच आहे. दोन कानांवर आवाज पोचण्यातला सूक्ष्म फरक मोजून मेंदू दिशा ठरवतो. पण पाइप भिंतीवर आपटला की काँक्रीट तो आवाज हवेच्या कितीतरी पट वेगाने सगळीकडे नेतं आणि अख्खी भिंत किंवा अख्खी स्लॅब स्पीकरसारखी वाजते. तळमजल्यावरचा ठोका चौथ्या मजल्याच्या छतातून येतो.

आमच्या सोसायटीत हेच झालं. पहाटे साडेपाच आणि रात्री अकरानंतर कधीही, एक मोठ्ठा धप्प आणि मागून तीन-चार बारके ठोके. चौथ्या मजल्यावरच्या आजींना हार्टचा त्रास, त्या दचकून उठायच्या. पाचव्यावर दोन मुलं भाड्याने राहायची, नाइट शिफ्टवाली. रात्री येतात, वस्तू आपटतात, असा बोभाटा झाला. मुलं सांगत होती की आम्ही त्या वेळी ऑफिसात असतो. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्यावर कोणी विश्वास ठेवेना. शेवटी कमिटीने त्यांच्या घरमालकांना पत्र दिलं.

आजींनी मात्र एक फार मोठं काम केलं होतं. त्या कालनिर्णयच्या चौकटींत प्रत्येक ठोक्याची वेळ लिहून ठेवायच्या, मुलांविरुद्ध पुरावा म्हणून. मी तो मागून घेतला आणि वॉचमनच्या मोटरच्या वहीशी ताडून बघितला. एकोणीस नोंदींपैकी सतरा मोटर बंद झाल्याच्या मिनिटाशी जुळल्या.

मग प्लंबरकाकांना पहाटे बोलावलं. त्यांनी लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक पाइपला टेकवलं, मूठ कानामागच्या हाडाला लावली आणि वॉचमनला मोटर बंद करायला सांगितली. (गळती शोधणारे वॉटरवर्क्सचे लोक रात्री रस्त्यावर अशाच काठ्या कानाला लावून फिरायचे.)

"साहेब, एनआरव्ही आपटतोय. फ्लॅप ढिला झालाय."

"आणि मागचे बारके ठोके?"

"वरचे क्लँप सुटले असणार. पाइप नाचतो."

एनआरव्ही म्हणजे पाणी उलटं येऊ न देणारी झडप. मोटर बंद झाली की वर चढणारं पाणी थबकतं आणि उलटं खाली यायला लागतं. झडप चपळ असेल तर पाणी थबकतानाच मिटते. म्हातारी झालेली झडप उशिरा मिटते, तोवर पाण्याने खाली यायला वेग घेतलेला असतो. मग झुकोव्स्कींचा गुणाकार सुरू.

हे सगळं मी कमिटीच्या पुढच्या मीटिंगमधे आजींच्या कॅलेंडरसकट मांडलं. चेअरमनकाका म्हणाले, बरोबर असेल, पण व्हॉल्व्हचा खर्च जनरल बॉडीपुढे ठेवावा लागेल. जनरल बॉडी व्हायला पाच आठवडे लागले. मग स्प्रिंगवाली झडप बसली, पाइपला रबर लावून नवे क्लँप मारले, एकूण दुपारभराचं काम. पाचव्या मजल्यावरची मुलं त्याच्या आधीच महिनाअखेरीला वाकडला शिफ्ट झाली होती. ती गेल्यावरही तीन आठवडे धप्प येतच होता, आणि आजी वेळ लिहीत होत्या.